प्रॉम्प्टर

फेब्रुवारीत डुलुथचं सरोवर गोठतं
आणि जहाजं धक्क्याला अडकून पडतात, आपल्यासारखीच.
नाही, हे वाक्य नाटकातलं.
ओडेलने लिहिलं होतं, त्याला फार आवडायचं.
तालमीत आम्ही ते तीनदा खोडलं,
त्याने तीनदा परत घातलं.

या घरात पूर्वी एक दंतवैद्य बसायचा.
जेवणघराच्या फरशीत त्याच्या खुर्चीचे चार बोल्ट
अजून तसेच आहेत. तिथेच आमचा रंगमंच.
नेपथ्य : एक टेबल, एक खिडकी. खिडकी खरी,
तिच्यातून खरा बर्फ दिसतो, त्याला इलाज नाही.

मिसेस हॅल्वर्सन दर मंगळवारी येतात,
निवृत्त, भूमिती शिकवायच्या.
माणसांना कोनात उभं करतात.
"बापाकडे पाठ नको, पा कू. साठ अंश. हां."
पा कू औषधाच्या दुकानात गोळ्या मोजायची,
काही कमी भरायच्या.
आता ती खुर्च्या मोजते.

बाप झाला टॉइवो. गोदीवरचा.
तीस वर्षं ज्याची तालीम केली तीच भूमिका,
आणि पाठांतर म्हणून होत नव्हतं त्याचं.

बाटलीवरून भांडण झालं.
जगातल्या सगळ्या नाटकांत बाटलीत कोरा चहा असतो,
आम्हालाही ठाऊक आहे.
पण घराचा नियम : बाटली आत येणार नाही, चहाचीसुद्धा.
केचपची आणून पाहिली, हसू आवरेना.
फुलदाणी घेतली तर टॉइवो म्हणाला,
मी काय पाणी घालायला आलोय?
शेवटी बाई म्हणाल्या, काहीच नको. हवा धर.

त्याने धरली.
बोटं बरोब्बर तेवढीच मिटली,
अंगठा जिथे लेबल सुरू होतं तिथे.
कोणी काही बोललं नाही.
ओडेल उठून बाहेर गेला आणि
पाळी नसताना तासभर बर्फ उपसत राहिला.

मी विंगेत. विंग म्हणजे फ्रीजची मागची बाजू.
रात्रपाळीची नर्स होते मी, तेरा वर्षं.
दुसऱ्यांच्या तोंडचं औषध खायचे.
आता दुसऱ्यांच्या तोंडी शब्द द्यायचे,
हळू, पहिल्या रांगेला कळू न देता.
हे एक काम मला जमतं : कुणाला न कळू देता.

प्रयोगाला चाळीस खुर्च्या.
तिसरी घंटा ओव्हनच्या टायमरची.
दुसऱ्या रांगेत टॉइवोची मुलगी,
कोट न काढता, मुठीत गाडीची किल्ली.

दुसऱ्या प्रवेशात तो बोल्टांच्या मधोमध आला,
हात वर, हातात ती हवा,
आणि थांबला.
वहीत बोट होतंच माझं : "या घोटानंतर बस्स."
मी पुटपुटले. या घोटानंतर.
त्याने ऐकलं, त्याचा कान हलला.
परत दिलं. या घोटा—
फ्रीजची मोटार सुरू झाली. बंद झाली.
लोकांना वाटलं, काय अभिनय.

मग त्याने ती टेबलावर ठेवली.
जपून, कलंडू नये म्हणून दोन बोटं लावून.
मुलगी पुढे झुकली होती,
काचेचा आवाज यायची सवय असलेलं माणूस जसं झुकतं.
नाही आला.

आणि तो सरळ फ्रीजकडे वळला :
"पुढे काय?"

वही उघडी होती. पान बरोबर होतं.
मला एकही अक्षर वाचता येईना.
"ठाऊक नाही," मी म्हटलं.
टॉइवो लोकांकडे वळला,
आणि शिकवलं होतं तसं, छातीतून,
शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल इतकं मोठ्याने म्हणाला :
"ठाऊक नाही."

पुढचं पा कूने सावरलं, दोन पानं गाळून.

मिसेस हॅल्वर्सन नंतर म्हणाल्या, सगळं ठीक,
पण तू विंगेबाहेर आली होतीस, अर्धी दिसत होतीस.
मुलगी थांबली नव्हती.
तिची खुर्ची मात्र घडी करून भिंतीला टेकवलेली होती.
पा कूने दोनदा मोजल्या.
चाळीस.