चाळीस लिटर

अठ्ठावीस वर्षं मी पाण्याची चावी फिरवली.
महापालिकेचा चावीवाला.
मुलुंडच्या रस्त्यांत वाकून, खांद्याइतका उंच लोखंडी दांडा,
पहाटे चार दहाला
आधी देवळाची गल्ली, मग प्रसूतिगृहामागची चाळ,
शेवटी टेकडीवरची वस्ती. तिला पंचवीस मिनिटं.
माझ्या हाताखाली अर्धा वॉर्ड गुळण्या करायचा.
तेव्हा हसू नका,
नळ नसलेल्या जागेची मला भीती वाटते म्हटलं तर.

शर्वाणीनं शाळेची जुनी व्हॅन घेतली.
बाकं उपटून बिछाने ठोकले, शेगडी बसवली, टपावर सोलरची पाटी,
बिछान्याखाली चाळीस लिटरची टाकी.
तीनदा गेलो, तिन्हीदा कुणाच्या तरी आवारात.
त्यांच्या प्लगातून वायर, त्यांच्या नळाचा पाइप.
दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखी गाडी उभी
आणि मी निवांत.
चौथ्यांदा ती म्हणाली, बाबा, या खेपेला दावं नको.

भाईंदरवरून वळसा घालून मनोरी.
सुरूच्या झाडांमागे ग्लॅडिसबाईंची पडीक वाडी.
"विहीर खारी झालीय. वायर तुमच्यापर्यंत पुरायची नाय.
राहा खुशाल," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

खाडीपलीकडे मालाड लखलखत होतं.
इतके दिवे,
त्यातला एकही आमच्या तारेवरचा नाही.

मी वही काढली. नोकरीतली खोड.
बॅटरी त्र्याऐंशी टक्के. पाणी चाळीस. माणसं दोन.
उद्या दुपारपर्यंत.
पंखा चालवला तर किती, ताट धुतलं तर किती,
रात्री उठावं लागलं तर किती
(मला उठावं लागतंच).
तीनदा बेरीज केली, तीन उत्तरं आली.
शर्वाणीनं ताटं आधी कागदानं पुसली,
मग दोन पेल्यांत सगळी भांडी काढली
आणि भिंतीकडे तोंड करून झोपून गेली.

मी जागा. अंधारात टप्प.
जरा वेळानं पुन्हा, टप्प.
या आवाजासाठी मी शहराचे रस्ते खणून काढलेत,
डांबराला कान लावून बसलोय.
उठलो, चाचपडलो.
बेसिनचा नळ, अंगठ्याएवढा.
दोन बोटांनी पिळला. थांबला.
तलावापासून तोंडापर्यंतची सगळी पाइपलाइन
हाताच्या एका टप्प्यात होती.

तसाच बसून राहिलो, आणि का कोण जाणे,
टेकडीवरची पार्वतम्मा आठवली.
घरात सात जणं, दारात तीन हंडे.
रोज विचारायची, किती वेळ?
मी सांगायचो, पंचवीस मिनिटं.
"पुष्कळ झालं की," म्हणायची, आणि हसायची,
मला वाटायचं टोमणा मारतेय.
एकदा घाईत मी वीसच मिनिटं दिली.
ती काही बोलली नाही.
मी मात्र घरी येऊन
गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यानं बादलीभर आंघोळ केली.
तिच्या घराला ना नळ होता, ना हक्काचा प्लग.
एका तांब्यात डोकं, पाठ, पाय,
उरलेल्यात तुळस.
ती कुठं घाबरली होती?
घाबरतो तो, ज्याच्या हातात चावी असते.

चार दहाला जाग आली. हात आपोआप वळला,
धरायला दांडा नव्हता.
पलीकडे कुणीतरी दुसरा फिरवत असेल.
फिरवू दे.

एका तांब्यात तोंड, मान, काखा.
तेच पाणी सुरूच्या मुळाशी ओतलं.
चहाचं पाणी मोजून घेतलं, तरी अर्धा कप जास्त झाला,
तो ग्लॅडिसबाईंना नेऊन दिला.
त्यांनी बशीत ओतला आणि विचारलं, रात्री भ्यालात काय?
खरं सांगितलं, भ्यालो, साडेबारापर्यंत.

ऊन पाटीवर आलं.
अठ्ठावन्नचे एकोणसाठ झाले, मी बघतच राहिलो,
दूध उतू जाईल की काय, तसा.

शर्वाणी केस बांधत म्हणाली, निघायचं ना दुपारी?
मी टाकीच्या काचेवर बोट ठेवून म्हटलं,
अगं, अजून एकतीस लिटर आहे.