खोका क्रमांक एकोणीस

पान उन्हात धर, ड्रुसिला सांगते,
अस्सं, डोळ्यांच्या जरा वर.
वरची साल, खालची साल,
आणि दोन्हींच्या मधे, कागदाच्या जाडीइतक्या जागेत
एक चपटी अळी
हिरवं खात निघालेली.
मागे काळ्या विष्ठेची रेघ,
कुणी अंधारात चाचपडत हिशेब मांडत गेल्यासारखी.

मकायच्या बाहेर, ऊस संपतो तिथल्या ओढ्याकाठी
घाणेरी माणसाच्या डोक्यावर गेलेली.
गुलाबी-पिवळी फुलं. पान चुरडलं
की दिवसभर बोटांना तोच उग्र दर्प.
कुणा गोऱ्या बाईनं कुंडीत लावायला आणली म्हणे,
बोटीनं.
मग ती कुंपणं ओलांडत सुटली, खाऊन गाई मेल्या,
आणि तिला संपवायला
भुंगेरे मागवले.
तेही समुद्रापलीकडून.

ड्रुसिला तेव्हा वीसचीही नव्हती,
प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची.
अक्षर चांगलं म्हणून तिच्याकडे नोंदवही आली:
खोका क्रमांक एकोणीस.
नर एकशे चार. मादी एकशे एकतीस.
प्रवासात मेलेले बावन्न.

तसल्याच एका वहीत तिचा पणजोबा आहे.
टॅना बेटावरून ऊस तोडायला आणलेला,
करार तीन वर्षांचा, अंगठा कुणाचा देव जाणे.
नाव चुकलेलं. वय: अंदाजे.
ती वही तिनं म्हातारपणी पाहिली, काचेखाली.
या दोन वह्या मी शेजारी ठेवतेय,
ती तसं काही बोलली नाही.
ती एवढंच म्हणाली,
शाई बरी होती त्यांच्याकडे.

ब्रिस्बेनहून साहेब यायचे विचारायला,
झुडूप मेलं का?
झुडूप मरत नव्हतं.
पानं करपायची, तपकिरी होऊन गळायची,
नुसत्या काड्या.
मग जरा ओल मिळाली की बुंध्यातून पुन्हा पालवी,
आणि सुक्या पाचोळ्यात दडलेला भुंगेरा
तेवढ्याचीच वाट बघत बसलेला.
शेवटी अहवालात शब्द आला: अंशतः यश.
ड्रुसिला हसते, कवळी हलते.
कामाला आणलेलं, म्हणते,
घर करून बसलं.

निघताना तिनं एक फुगीर पान
सँडविचच्या रिकाम्या डब्यात टाकलं.
आठवड्याभरानं तिचा फोन.
पानाला भोक पडलंय,
आणि पाठीवर खाचाच खाचा असलेला,
तांदळाच्या दाण्याएवढा कुणीतरी
पावाच्या चुऱ्यावरून चाललाय.
नोंद करू?
एकच तर आहे, मी म्हटलं.
थांब, म्हणाली, पेन घेते.