शेवटच्या पर्वाचा पहिला भाग

डिचोलीकडच्या बंद खाणीत यान उतरलं,
प्लायवुडचं, मागून बांबूचा टेकू.
चार वर्षं अंतराळात भटकून
शेवटच्या पर्वात ते मूळ ग्रहावर परततं
आणि कप्तानाला ग्रहच ओळखू येत नाही.
लाल माती मुठीत धरून ती विचारते,
'इथं डोंगर होता ना?'

तिच्या मागे तिसरा,
रुपेरी सूटमध्ये, पुनो गांवकर.
बारा वर्षं याच उतारावर टिपर हाकला त्यानं.
डोंगर मांडवीतल्या कुठल्या बार्जमध्ये चढला
ते खेपेगणिक सांगेल.
पण त्याला संवाद नाही.

दिग्दर्शक ओरडतो, पुन्हा एकदा!
आणि जरा चकित दिसा रे सगळे.

पुनो हेल्मेट काढतो,
काच पुसतो
आतल्या बाजूनं.