सदतिसावा फोटो

रोल छत्तीसचा असायचा.
पण कोष्टी आप्पा दिवा मालवून, अंधारात चाचपत
फिल्मचं टोक इतक्या काटकसरीनं अडकवायचे
की शेवटी एक जास्तीचा निघायचा.
"छत्तिसांचे पैसे घेतलेत, ते त्यांचे.
सदतिसावा तुझा. वाट्टेल तिकडं मार."

मी तेव्हा सतरा वर्षांचा.
काम काय, तर फ्लॅशची बॅटरी खांद्याला लावून उभं राहायचं
आणि नवरदेवाच्या मामाला म्हणायचं, जरा आत सरका.
मामा आत सरकत नाहीत.
तीस वर्षांत एकही सरकलेला नाही.

भटजी शुभमंगल म्हणतात ते त्या दोघांना.
सावधान म्हणतात ते मला.
अंतरपाट खाली येतो तेवढ्यात
एखादी करवली आडवी येते,
कुणी काका मोबाइल उंच धरतो,
अक्षता काचेवर टकटक आपटतात
आणि मुलगी समोर न बघता
गर्दीत कुणाला तरी शोधते.
कुणाला,
ते मला अजून एकाही लग्नात कळलेलं नाही.

हल्ली सागरेश्वरच्या डोंगरावर प्री-वेडिंग असतं.
मुलगा म्हणतो, धूर सोडा.
मुलगी म्हणते, सर, नॅचरल पाहिजे.
उन्हात सतरा वेळा मी दोघांना
नॅचरल चालायला लावतो.
वरातीत ड्रोन वर गेला की सगळे माना वर करतात,
घोडा तेवढा करत नाही.

पुराच्या साली गावभागातलं दुकान पाण्याखाली गेलं.
नवव्या दिवशी शटर उचललं,
तर निगेटिव्हच्या डब्यांत गाळ,
आणि शेकडो लग्नं एकमेकांना चिकटलेली.
या नवऱ्याच्या हातात त्या नवरीचा हात.

मग लोक यायला लागले.
समडोळीच्या सुनंदा चौगुले आल्या,
पिशवीत अल्बम, भिजल्या पावासारखा फुगलेला.
"माझे गेले तर गेले," म्हणाल्या.
"आमच्या अण्णांचा एखादा असेल का?"

अण्णा कुठल्याच फोटोत नव्हते.
सकाळी चुलवणापाशी, दुपारी पंगतीत,
हातात मठ्ठ्याची बादली.
फोटोला बोलावलं की, "आलो, आलो, एवढी रांग उठू दे."
संध्याकाळी वऱ्हाडाची गाडी गेल्यावर
मांडवात एकटेच खुर्च्या मोजत होते, भाड्याच्या.
दोन कमी भरत होत्या.
पुन्हा पहिलीपासून.
तो मी मारला होता.

तीन रात्री पाणी बदलत राहिलो.
सायीसारखा पापुद्रा सुटून आला, त्यात तोंड गेलं,
खांदा गेला.
उरला एक हात, बोट पुढं केलेला,
आणि खुर्च्यांची चळत.
असला फोटो द्यावा की नको,
दोन दिवस ड्रॉवरमध्येच ठेवला होता.

त्यांनी तो उजेडाकडं धरला. बराच वेळ.
"विसावर आले नाहीत अजून," म्हणाल्या,
"विसाला ते अंगठा मिटायचे."

पैसे मी घेतले नाहीत.
दिवाळीच्या आधी एसटीच्या कंडक्टरकडून
घरच्या हळदीची पुडी आली, वर्तमानपत्रात बांधलेली.
कॅमेऱ्याच्या बटणावर तसाही पिवळा डाग आहे,
कुठल्या नवरीचा, सांगता येणार नाही.

आता कार्डात तीन हजार मावतात.
जास्तीचा असा एक उरतच नाही.
तरी पाकीट खिशात गेल्यावर,
बॅगेची चेन ओढायच्या आधी मी घुटमळतो.
काल कवलापूरला मंडपवाल्याचा पोरगा
नवरदेवाच्या सिंहासनावर झोपला होता,
एक पाय खाली, तोंडात बुंदी तशीच.
असिस्टंट म्हणाला, "सर, हा कोण?
अल्बमात कुठं लावू?"

लाइट बंद कर, म्हटलं. बॅटरी जातीय.