ठेव

चुना ओला आहे तोवरच हात चालवायचा,
एवढाच माझा धर्म, म्हणालो मी उर्सिनसला.
तो हसला. कुदळीवर रेलला
आणि दिव्याची वात नखानं पुढे सारली.

रोमच्या वेशीबाहेर, सालारिया रस्त्याच्या पोटात
तेहतीस पायऱ्या उतरून आलो होतो.
वर ऑगस्ट भाजत होता,
इथे दातावर दात वाजत होते.
दोन्ही अंगांना भिंतीत कोरलेली फडताळं, एकावर एक,
आणि प्रत्येकात कुणीतरी
विटांआड लिंपलेलं.

मेली, असं ही माणसं लिहीत नाहीत.
लिहितात : ठेवली.
अमक्या दिवशी, अमक्या वयाची, इथे ठेवली.
सावकाराकडे ठेवतात तशी? मी विचारलं.
तशीच, उर्सिनस म्हणाला,
फक्त पावती आमच्याकडे नाही.

ठेवलेली पोर नऊ वर्षं चार महिन्यांची.
नाव झोसिमे. ग्रीक नाव,
जगेल, वाचेल ती, अशा अर्थाचं.
मी त्यावर काही बोललो नाही.

आधी मोर काढला.
गेल्या महिन्यात एका धान्यव्यापाऱ्याच्या थडग्यात काढला होता, तोच.
तो ज्युनोला कोकरू वाहणारा, ही कुणालाच काही न वाहणारी,
मोराला काय त्याचं.
त्याचं मांस सडत नाही, असं दोन्हीकडचे सांगतात.
मी खाल्लेलं नाही.

मग तो माणूस, माशानं गिळून
तिसऱ्या दिवशी काठावर ओकलेला,
भोपळ्याच्या वेलाखाली उताणा पसरलेला.
त्यालाही जुनाच साचा लावला :
चंद्रदेवी जिच्यावर भाळली ती झोप, तोच कोपरात दुमडलेला हात.
फक्त वर चार भोपळे टांगले.
उर्सिनस म्हणाला, छान, अगदी आमचाच वाटतो.

शेवटी मुलगी. उभी, दोन्ही हात वर,
पावसाचा अंदाज घेणाऱ्या बाईसारखे तळवे उघडे.
तेवढ्यात तिची आई खाली आली.
क्विंटिला. धोबीवाड्यात कापडं तुडवते,
पोटऱ्यांपर्यंत चामडी पांढरी फटक.
दिवा भिंतीला टेकेल इतका जवळ नेला
आणि म्हणाली, डावी करंगळी चुकली.

वाकडी होती ती. दारात सापडलेली.

मी म्हटलं, बाई, तुमचे वडीलधारे तर सांगतात,
उठतील तेव्हा सगळे धड उठतील,
आंधळ्याला डोळे, लंगड्याला पाय.
मग करंगळी तरी कशाला मागे राहील?

ती थांबली. खरंच विचार करत होती.
मग म्हणाली,
तिथे केवढी गर्दी असेल.
सगळ्या पोरींचे हात असेच वर.
सरळ काढलीस तर मी हिला ओळखू कशी?

चुना आळत आला होता.
मी ओल्या बोटानं ती रेघ पुसली,
गेरूत कुंचला टेकवला
आणि करंगळी मोडली.

तिनं पाव वाटला. मलाही दिला.
फटीतून थोडी वाइन आत ओतली,
पोरीला पाणी घालून पातळच आवडायची, म्हणाली.
आवाज ऐकू येईपर्यंत आम्ही तिघं गप्प.

माझी थाल्लुसा जाळली त्याला सहा वर्षं झाली.
नावाड्यासाठी जिभेखाली नाणं ठेवलं होतं, 
घासून गुळगुळीत झालेलं, पण चालणारं.
आता ती कबुतरांच्या खुराड्यासारख्या एका भिंतीत
मडक्यात आहे, अठ्ठावन्नाव्या कोनाड्यात.
अख्ख्या रोमचे मेलेले रंगवले मी,
तिच्या कोनाड्यावर एक पान काढलं नाही.
हात मोकळा होता. चुनाही होता.

परत चढताना पायऱ्या मोजत होतो.
अकराव्या पायरीवर मनात आलं,
थाल्लुसाच्या भुवईवर एक व्रण होता,
लहानपणी विहिरीच्या काठावर पडली होती तेव्हाचा.
डाव्या भुवईवर.
विसाव्या पायरीवर वाटलं, उजव्या.

मागून उर्सिनस विचारत होता,
उद्या येशील ना, एक म्हातारा आहे,
त्याला मेंढपाळ हवाय, खांद्यावर मेंढी घेतलेला.
येतो म्हटलं.
उन्हात आलो, डोळे मिटले,
आणि मिटल्या डोळ्यांनी माझ्याच कपाळावर
आधी इकडे, मग तिकडे
गेरूचं बोट फिरवून पाहिलं.