खरं

धारवाडहून आलेली मुलगी पिशवीतून कागद काढते,
चार पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली.
चोवीस प्रश्न. प्रत्येकापुढं एक ते नऊ आकडे,
एक म्हणजे काहीच नाही, नऊ म्हणजे खूप.
'सुम्ने टिक माड्री, मॅडम. नाव नको.'
डावीकडं कन्नड, उजवीकडं मराठी.
प्रभाव हा शब्द दोन्हीकडं तोच,
फक्त तिकडं त्याच्या डोक्यावर रेघ नाही.

शाळेतल्या निर्णयांवर तुमचा किती प्रभाव पडतो?

दोन वर्षांमागं मी अर्ज केला होता,
तिसरीच्या वर्गात गळतंय, कौलं बदलून द्या.
मराठीत होता म्हणून खानापुरातनं परत आला.
हिरेमठ सरांनी रात्री बसून तो कन्नडात उतरवला,
तो गेला
तो परत आलाच नाही.
मग एका रविवारी रवळूचा बाप
भट्टीवरची बावीस कौलं सायकलला बांधून आला,
कुणाला न विचारता शिडी लावली.
दोन फुटली, वीस बसली.
ही वीस कौलं कुणाच्या प्रभावात धरू?
मी फक्त वर्गात एकदा वर बघून म्हणाले होते,
रवळू, दप्तर इकडं सरकव, भिजतंय.

मी पाचावर पेन टेकवते. मग उचलते.

आमच्या भागात कुणी 'पण' म्हणत नाही.
पण म्हणायचं तिथं आम्ही खरं म्हणतो.
बाई, येणार होतो, खरं ताप आला.
गणित केलंय, खरं वही म्हशीनं खाल्ली.
पुण्याकडची एक अधिकारीण एकदा हसली होती,
सारखं काय खरं-खरं करतात हो तुमची मुलं,
तेवढं खोटं बोलतात का?
मी गप्प बसले. तिला काय सांगायचं,
की इथं प्रत्येक अडचण
आम्ही सत्याच्या नावानं सांगतो.

मुलाला शाळेत टिकवण्यासाठी तुम्ही किती करू शकता?

सातेरीच्या घरी मी तीनदा गेले.
दोनदा कुलूप. तिसऱ्यांदा तिच्या आईनं पाट दिला,
काजूच्या बोंडानं काळी पडलेली बोटं
पदरात लपवली आणि म्हणाली,
पोरगी म्हापशाला गेली, बाई. कामाला.
सहावीत होती. अक्षर असं, की फळ्यावर मी तिलाच लिहायला लावायची.
इथं मी 'एक' वर टिक करते, ठळक, कागद फाटेल इतकी.

खरं,
गणपतीच्या आधी एक फोन आला, नंबर अनोळखी.
'बाई, मालकिणीच्या पोराला पाढे शिकवायलोय.
सतराचा पाढा तुम्ही चालीवर म्हणायचा न्हवं,
सतरा सात्ता म्हटलं की चाल कशी उतरायची?'
मी बाजारात उभी राहून म्हटला,
कोथिंबीरवाली हातातली जुडी तशीच धरून ऐकत राहिली.
त्या 'एक' वर आता मी काय करू?
खोडायचं नाही, असं वर लिहिलंय.

पटावर यंदा नऊ पोरं.
दहाच्या खाली गेलं की शाळा शेजारच्या गावात जोडणार,
असं जो तो म्हणतो, कागद कुणी दाखवत नाही.
नऊ म्हणजे खूप.
इथंच छापलंय की, पहिल्या पानावर, दोन्ही भाषांत.

मुलगी पानं चाळते. तिची तीनची बस आहे.
एका रिकाम्या ओळीवर बोट ठेवते,
'इदू बिट्टीरी, मॅडम. हे राहिलं.'
तिचं मराठी पुस्तकातलं आहे, स्वच्छ.
एखादं मूल शिकत नसेल तर
त्यात तुमचा दोष किती, असा तो प्रश्न.

मी म्हणते, 'खरं...'

ती पेनाचं टोपण काढते, मान हलवते,
खरं ते लिहून घ्यायला तयार.
बाहेर बसव्वा रुळाच्या तुकड्यावर घाव घालते,
आणि नऊ ताटं
नळाकडं पळत सुटतात.