रेघेपाशी

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस, दुसरा मजला.
खाली खोक्यांचा कारखाना. वर आम्ही तिघं
आणि आर्गॉनचे दोन सिलिंडर,
ओढाळ बैलांसारखे भिंतीला साखळीनं बांधलेले.

सुई बनवतोय. तीन मिलिमीटर जाड.
टोकाशी केसाएवढ्या भोकातून वायू मोकळा सुटतो
आणि जाता जाता आसपासची ऊब उचलून नेतो.
मग टोकाभोवती बर्फ धरतो,
आधी ज्वारीचा दाणा, मग बोर,
दहाव्या मिनिटाला लिंबू.
गाठ त्या लिंबाच्या आत राहायला हवी,
सगळ्या बाजूंनी, उणे चाळीसला.

थंडी करणं सोपं आहे.
थंडीला कुठं थांबायचं ते सांगणं,
त्याचा पगार घेतो आम्ही.

टोकापासून चार सेंटिमीटरवर एक रेघ कोरली आहे.
तिच्या अलीकडे दांडा कोमटच राहिला पाहिजे,
कारण तिथं कातडी असेल, कुणाची तरी,
जिला उद्या सकाळी ब्लाउजचे हूक लावून
डबे भरायचे असतील.

सदतिसाव्या सुईवर पांढरं रेघ ओलांडून आलं.
पाष्टेंनी डोळ्याला भिंग लावलं, झाळ तपासली.
दिसेल न दिसेल असं एक छिद्र,
तेवढ्यातून पोकळीत हवा शिरलेली.
"काहीच नसलेलं राखणं
लई अवघड," ते म्हणाले
आणि नळी पुन्हा ज्योतीवर धरली.

चाचणीसाठी चायना ग्रासची जेली लागते, पातेलंभर.
वाणी दर बुधवारी विचारतो,
"आज किती पाहुणे?"

सोनोग्राफीच्या पडद्यावर
बर्फाची फक्त अलीकडची कड दिसते,
नखाच्या कोरीसारखी उजळ. मागे काळोख.
पलीकडचं आम्ही हिशेबानं जाणतो.
हिशेब मी तीनदा करते.

चेंदणीला, घरी, चांगुणा आत्या.
चाळीस वर्षं बर्फाच्या लाद्या फोडल्या तिनं,
पापलेट, सुरमई, खाली बर्फ, वर बर्फ.
तिच्या चोळीत डावीकडे बाजरीची पुरचुंडी आहे,
स्वतः शिवलेली. एकदा तिच्या नकळत मी ती
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली होती:
दोनशे नव्वद ग्रॅम.
त्या आकड्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

तिला सांगितलं, आम्ही गाठ बर्फानं मारतो.
ती हसली. "बरफान मावरं मरत नाय गो.
बरफान टिकतं."

मी गप्प. कोलंबी सोलत राहिले.
मग तीच, बऱ्याच वेळानं, टरफलं गोळा करता करता:
"पन एकदा पघळलं का परत बरफान घालू नको.
आतून फुटतं. चिखल होतो त्याचा."

हे मी इंग्रजीत वाचलं होतं, तीन आलेखांसकट.
पेशीत स्फटिक धरतात, वितळताना भिंती फाटतात,
म्हणून गोठवा, वितळू द्या, पुन्हा गोठवा.
सहा महिने लागले होते मला ते पटायला.
तिला एक वाया गेलेली टोपली पुरली होती.

एकेचाळिसावी सुई शनिवारी रेघेपाशी थांबली.
पांढरं आलं, रेघेला टेकलं,
आणि तिथंच राहिलं, दहा मिनिटं,
दुसऱ्या फेरीतही. पाष्टे काही बोलले नाहीत,
फक्त चहाचे पैसे त्यांनी दिले.

नमुना पिशवीतून घरी आणला. आत्यानं हातात घेतला,
सुया बघतात तसा नाही, कोयता बघतात तसा:
आधी मूठ.
"हे वापरनाऱ्याचा हात ओला असल ना?"
असेल, म्हटलं. मोजे, जेली, थोडं रक्त.
"मग सटकल."

तिनं आपल्या कोयत्याची मूठ दाखवली,
जाळ्याच्या दोऱ्यानं गुंडाळलेली, काळी पडलेली,
चार बोटांच्या चार खाचा.

तुला उशीर झाला, असं ती म्हणाली नाही.
मीही म्हणाले नाही.
कोयत्याला माप लावलं
आणि खाचांची खोली वहीत उतरवून घेतली:
दीड, दोन, दोन, दीड.